पाणी पालटेपर्यंत
तिला सगळे थांबाबाई म्हणायचे. कयाक शिकायला येणारी पोरं तर तोंडावर म्हणायची, आणि बाई खुशाल 'ओ' द्यायची. कारण खाडीच्या अरुंद खिंडीपाशी कुणी वल्हं उचललं रे उचललं की तिचं सुरू, "थांबा! घाई कसली झालीय? पाणी कुठे पळून चाललंय?" पाणी पळूनच चाललेलं असायचं म्हणा, पण ते असो.

तिचा धडा एकच. भरती संपली, धक्क्यावर पाणी चढायचं थांबलं, म्हणून खिंडीतलं थांबत नाही. आत खाडी ही एवढी पसरलेली, आणि वाट एवढीशी. आतलं भरायचं राहिलेलं असतं, म्हणून पाणी बराच वेळ घुसतच राहतं. वरून अगदी तुकतुकीत दिसतं, आणि त्यात होडी घातली की संपलंच. पालटायच्या आधी ते जरा निपचित पडतं, तेव्हाच पार व्हायचं.

पलीकडच्या काठावर तिची ताई राहायची. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं बिनसलं ते बिनसलंच. ताईने अंथरूण धरलं तरी ही गेली नाही. हट्ट म्हणजे हट्ट. मग एका सकाळी ताईचाच फोन आला. आवाज पार खोल गेलेला. "येतेस का गं? आता फार वेळ नाही माझ्याकडे."

लाँच दुपारपर्यंत नव्हती, रस्त्याचा वळसा त्याहून लांबचा. बाईने कयाक पाण्याशी ओढली आणि तिथेच अडली. धक्क्यावर पाणी थांबलं होतं, खिंड मात्र अजून आत ओढत होती. वाहत आलेली एक फांदी तिच्या डोळ्यांदेखत गपकन खाली गेली. दोनदा ती होडीत बसली, दोनदा उतरली. जीव नुसता तुटत होता हो! मी बुडाले तर ताईला काय मिळणार, असं स्वतःलाच बजावत ती बसून राहिली. अखेर पाणी निपचित पडलं, तसं तिने हात मोडेस्तोवर वल्हं मारलं.

दारातच भावोजींनी मान हलवली. "आत्ताच गेली."

बाई ताईच्या उशाशी जाऊन बसली. खिडकीतून घरामागच्या पायऱ्या दिसत होत्या, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या.

"फोन ठेवला आणि त्या पायऱ्यांकडेच डोळे लावून बसली होती," भावोजी म्हणाले. "पायरीवर पाणी थांबलं तशी म्हणाली, 'आता निघेल बघा.' खुलली होती हो. किती वेळ बघितलं तिने. मग भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, 'पाणी केव्हाचं थांबलंय. येत नाही ती. राग गेला नाही अजून.'"

"राग नव्हता भावोजी, मी..." बाईने ताईचा हात घट्ट धरला आणि नव्या पोरांना सांगावं तसं सांगायला लागली. "ताई, ऐक ना. धक्क्यावरचं पाणी थांबलं म्हणून खिंडीतलं थांबत नाही गं. आतलं भरायचं राहिलेलं असतं..." सगळा धडा तिने सांगितला, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. भावोजींनी थोडा वेळ ऐकलं, मग ते लोकांना कळवायला बाहेर गेले.