वळल्या पंखांचं बिऱ्हाड

माझी धाकटी जाऊ माश्या सांभाळते. ती लग्न होऊन आली तेव्हा भावजी मला म्हणाले होते, "वहिनी, ही पगार घेऊन माश्या मारते." नवी नवरी तिथल्या तिथे फणकारली, "मारत नाही, वाढवते!" पहिल्याच प्रवेशाला अशी टाळी घेणारी मला रंगभूमीवरही क्वचितच भेटली. तेव्हापासून ती आमची माशीणबाई.

एकदा तिने मला प्रयोगशाळेत नेलं. मांडणीवर काचेच्या बाटल्या, तळाशी मक्याच्या पिठाची खळ, तोंडाला कापसाचे बोळे आणि आत पिकल्या केळ्यावर घोंघावतात तसल्या फळमाश्या. मला सूक्ष्मदर्शकाशी बसवून ती सांगू लागली, "अंड्यात आधी काही जनुकं ठरवतात, डोकं कुठं, शेपूट कुठं. मग दुसरी जनुकं पट्टे आखतात. त्या पट्ट्यांवरून अंगाचे खंड पडतात."

"म्हणजे आधी दिग्दर्शक, मग नेपथ्यकार!"

"तुमचं आपलं सगळीकडे नाटकच, ताई."

तिच्या ताब्यातल्या माश्यांचं घराणं जगावेगळं. त्यांच्यात पट्टे आखणारं एक जनुक बिघडलेलं. बिघाड एकाच पालकाकडून आला तर माशी जगते, दोघांकडून आला तर अळीचे एकाआड एक खंड गायब, आणि ती अंड्यातच मरते. घराणं ओळखता यावं म्हणून त्याला वर वळलेल्या पंखांची खूण जोडलेली. हे घराणं दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं सगळं संशोधन त्याच्यावर उभं.

एका संध्याकाळी ती पडेल चेहऱ्याने घरी आली. "सगळ्या अळ्या धडधाकट निघाल्या, ताई. एकही अर्धी नाही. घराणं बुडालं!"

"बुडालं कसलं, सुधारलं की!" भावजी म्हणाले. तिने असं पाहिलं की ते पेपरामागे गेले.

बाटलीत सरळ पंखांच्या माश्या दिसल्या, तेव्हा तिला आपली चूक कळली होती. तिथला नियम असा, की बाहेर पडलेली माशी परत आत टाकायची नाही, थेट तेलाच्या वाटीत. पण काही आठवड्यांपूर्वी हिच्या बाहीवर एक नुकता जन्मलेला नर बसला होता. पंख अजून चुरगळलेले, सरळ की वळलेले कळेना. "इतकासा होता हो!" आपलाच समजून तिने तो आत सोडला. तो निघाला दुसऱ्या बाटलीतला, बिघाड नसलेला परका. घरजावई आला आणि घर बळकावून बसला.

मॅडमनी बजावलं, "आठवड्यात बिघाड सापडला नाही तर बाटल्या रिकाम्या करा."

आता वळलेल्या पंखांवरही भरवसा उरला नाही, कारण जावयाच्या पोरांतही ते उतरले होते. म्हणून तिने वळल्या पंखांची एकेक जोडी निवडून वेगळ्या नळीत बसवली आणि प्रत्येकीची अंडी तपासायला घेतली. भावजींनी थट्टा आवरली. मुकाट्याने स्वयंपाक करू लागले, म्हणजे शिक्षा आम्हालाच. रोज ती यायची आणि नुसती मान हलवायची.

मुदत संपत आली तेव्हा दुपारी फोन वाजला. "ताई, अर्धी! एकाआड एक खंड गायब!"

एका अर्धवट अळीसाठी मी या वयात टुणकन उडी मारली. गुडघा अजून दुखतोय.

"थांबा, तिच्या आईबापांना आधी नव्या बाटलीत हलवते," म्हणाली, पण फोन ठेवायला विसरली. पलीकडून तिचा लाडिक आवाज येत राहिला, "या बाई, या. अहो, तुम्हीही या. घाबरू नका, आत मऊ आहे."