नदीकडचं दार

सुध्या गेल्याचं कळलं तेव्हा मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात एका सुरमईवरून भांडत होतो. फोन डोंबिवलीहून, त्याच्या थोरल्या भावाचा, दादांचा. माझा चेहरा असा काही झाला असावा, की जिने उभ्या जन्मात कुणाला रुपया सोडलेला नाही त्या मासेवालीने भाव न बोलता सुरमई पिशवीत टाकली. म्हणाली, "जा नाना, आधी घर गाठ."

सुधाकर, म्हणजे आमचा सुध्या, घरांचे आराखडे काढायचा. मांडवीला माझ्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड. एक झोपायला, दुसरी समुद्राकडे तोंड करून कागद पसरायला. लग्नबिग्न केलं नाही. अर्ध्या रत्नागिरीची घरं त्याने काढली आणि त्यातली निम्मी माझ्या सूचनांनी बिघडली, असं तो चारचौघांत सांगे. मग काजळी नदीकाठच्या वडिलांच्या जमिनीवर तिघा भावांनी मिळून घर बांधायचं ठरवलं. जमीन कसली, जांभ्याचा कडाच! वर रस्ता, खाली नदी, मधे उतार असा की वरून सुटलेला फणस थेट भाट्याच्या खाडीत आंघोळीला. सुध्याने घर उलटं काढलं. रस्त्यावरून गच्चीत शिरायचं आणि मजला मजला खाली उतरायचं. कागदावर ते इतकं देखणं होतं की मरून पुन्हा तिथेच जन्म घ्यावा असं मला वाटलं. पण भावाभावांत वीतभरही कमीजास्त नको. प्रत्येक खोलीतून नदी दिसलीच पाहिजे, आणि दादांच्या खोलीतून जराशी जास्त. खोल्या फुगत गेल्या तसा जिना आकसत गेला. शेवटी उरला तो लोखंडी, गोल, जिलबीसारखा. सुध्याने एकच हट्ट धरला. तळमजल्याला नदीकडे रुंद दार हवं.

"दार उघडून काय नदीत पडायचं?" दादा म्हणाले.

"वर अडलं तर खालून तरी सुटू."

पहिल्याच गणपतीला दादा नव्या घराला शोभेल अशी मूर्ती घेऊन आले, ती जिन्याच्या वळणावर अडकली. खाली दादा, वर मधला भाऊ, मधे बाप्पा, कुणालाच हलता येईना. खोटं वाटेल, पण भटजींनी तिथेच आरती उरकायला निरांजन पेटवलं होतं! अखेर मूर्ती परत वर नेली, गावच्या धक्क्यावर होडीत ठेवली आणि बाप्पा नदीकडच्या दाराने घरात आले. पुढे तीच वाट पडली.

गणपती झाले, भाऊ आपापल्या बिऱ्हाडी परत निघाले. जाताना दादा म्हणाले, "सुधा, नव्या घराला कुलूप नको. देवापुढे दिवा लागायला हवा. तुला काय रे, एकटा जीव." सुध्या चार दिवसांसाठी म्हणून राहिला, तो राहिलाच. मला म्हणायचा, "नान्या, माझ्या खोल्या कुणाला देऊ नकोस. यंदाचे गणपती झाले की येतो." दर वर्षी हेच... पुढे गुडघे गेले आणि तो जिना त्यालाच चढवेना. बाजार वरून टोपलीने सोडावा लागे. मी जाई तेव्हा खालच्या दारात पाय सोडून बसलेला असायचा. एकदा मी भडकलो.

"मेल्या, होडी बोलावतो, चल! दिवा विझला तर देव काय पोलिसांत जाणाराय?"

"देव नाही रे..." तो हसला. "दादा जाईल."

त्याच दारात बसल्या बसल्या तो गेला. होडीवाल्याने पाहून दादांना कळवलं, दोघे भाऊ येऊन पोचले. तिरडी जिन्यात वळणार नव्हती. सगळ्यांना ते ठाऊक होतं, तरी जो तो जिन्याकडेच बघत बसला होता. शेवटी दादाच उठले, नदीकडचं दार त्यांनी सताड उघडलं आणि म्हणाले, "होडी बोलवा." पुढे अस्थीही तिथूनच सोडल्या. ओहोटी होती. ते पाणी मांडवीच्या अंगानेच समुद्राला मिळतं... म्हणजे सुध्या एकदाचा पोचला.

तेराव्याला दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, तू आता रिटायर. गणपतीपर्यंत दिव्याचं तेवढं बघशील?" मिरकरवाड्याचा आख्खा लिलाव ओरडून बंद पाडणारा मी, "हो" म्हणालो.

हे लिहितोय ते त्याच दारात बसून, पाय नदीवर सोडून. सकाळी मांडवीहून आमच्या सूनबाईचा फोन होता, "कधी येताय?" मी म्हटलं, यंदाचे गणपती झाले की येतो.