रफू केलेले डाव

रफूगारांच्या हाताखालून गेलेल्या कोटाला भोक कुठे होतं, हे पुढे खुद्द कोटाच्या मालकालाही सापडत नसे. माणसं कोट उजेडात धरून पाहायची, उलटा करून पाहायची आणि शेवटी संशयाने विचारायची, "नक्की माझाच ना हा?" रफूगार चष्म्यावरून न पाहताच म्हणायचे, "खिशात तुमचाच मळका रुमाल आहे, बघा." जिन्याखालच्या अरुंद दुकानात, एका खिडकीच्या उजेडाला पाठ न देता बसायचं, कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि त्याच्याच भोकावर उभे-आडवे विणायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

बुद्धिबळात मात्र त्यांना कोणीही हरवायचं. त्यातही कंपाउंडर तर नेमाने हरवायचा.

कंपाउंडर म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात छोट्या खिडकीमागे बसून गोळ्यांच्या पुड्या बांधणारा सडसडीत, थंड डोक्याचा माणूस. टायरच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी क्लब भरायचा. तिथे अकरा वर्षांत हे दोघे तेवीस डाव खेळले होते आणि तेवीसच्या तेवीस कंपाउंडरने जिंकले होते. जिंकल्यावर तो हसत नसे, हे रफूगारांना सगळ्यात जास्त झोंबे. माणसाने जिंकावं, मिशीत हसावं, म्हणजे हरणाऱ्याला निदान चिडता तरी येतं. हा नुसता सोंगट्या गोळा करून डब्यात टाकायचा, जणू पेशंटची दिवसातून तीनदा घ्यायची गोळी.

अशात क्लबच्या संघातला सहावा पट रिकामा झाला. त्या पटावरचे गृहस्थ मुलीकडे कायमचे राहायला गेले. रफूगार अकरा वर्षं राखीव खेळाडू होते. राखीव खेळाडूने सामन्याला जायचं, पटांच्या पेट्या उचलायच्या, घड्याळांना चाव्या द्यायच्या, सगळ्यांना चहा आणून द्यायचा आणि कोणी आजारी पडतंय का ते आशेने पाहायचं. अकरा वर्षांत कोणालाही साधी सर्दी झाली नाही.

क्लबचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर होते आणि अजून सगळ्या जगाला वर्ग समजत.

"तुम्हाला घ्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण कंपाउंडरशी एक डाव न हरता दाखवा. जिंका असं म्हणतच नाही मी, तेवढा आशावादी मी शाळेतसुद्धा नव्हतो. फक्त हरू नका. येत्या तिसऱ्या शनिवारी."

"जिंकूनच दाखवतो!" रफूगार म्हणाले. घरी पोचेपर्यंत त्यांनी हे टायरवाल्याला, न्हाव्याला आणि एका अनोळखी गृहस्थाला सांगून टाकलं होतं. तो बिचारा फक्त पत्ता विचारायला थांबला होता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती नुकती ऑफिसातून आली होती. ती वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसायची. दिवसाला ऐंशी माणसं तिच्यासमोर उभी राहून "मी कशाला हातसुद्धा लावला नाही, आपोआप जळलं," असं सांगायची. त्यामुळे माणूस तोंड उघडायच्या आत वायर कुठे जळली असेल हे तिला कळायचं.

"मग आता काय, आणखी एक पुस्तक आणणार?" तिने चपला काढता काढता विचारलं.

"सुरुवातीच्या चालींचं एक फार चांगलं..."

"अहो, घरात पुस्तकांची चळत झालीय. सगळ्यांची पहिली वीस पानं मळकी आणि पुढची कोरी करकरीत! तुमचे स्वतःचे तेवीस डाव आहेत ना त्या हिरव्या वहीत? हरलात कुठे ते बघा. तक्रार कुठून सुरू झाली ते पाहिल्याशिवाय आम्ही खांबावर माणूस चढवत नाही."

ती वही तिच्या हाती पडू नये असं रफूगारांना वाटलं. पण कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते "बघू," म्हणाले.

ती हिरवी वही म्हणजे देखणा प्रकार होता. डाव चालू असताना चिठ्ठीवर खरडलेल्या चाली रफूगार रविवारी सकाळी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचे. स्वतःच्या चाली निळ्या शाईने, कंपाउंडरच्या लाल शाईने. मग चिठ्ठी फाडून टाकायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पट मांडला गेला. सोंगट्या कशा चालतात हे बायकोला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नाइलाजाने शिकावं लागलं होतं. ती वही वाचून चाली करू लागली. चौदावा डाव होता. अठरा चालींपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं. मग ती थांबली.

"अहो, तुमच्या एकोणिसाव्या चालीला तुम्ही घोडा मागे घेतलात?"

"हो."

"आणि लगेच त्याने उंटाने तुमचा वजीर मारला?"

"मारला."

"कसा मारला? तुमचा वजीर इथे कोपऱ्यात आरामात बसलाय. त्याचा उंट इकडे मधल्या रिकाम्या घरात येऊन कोणाला मारतोय? माशी?"

रफूगारांनी पट आपल्याकडे वळवला. मग परत तिच्याकडे वळवला. मग म्हणाले, "तू कुठेतरी चुकली असशील."

तिने पहिल्यापासून परत मांडलं. वजीर परत कोपऱ्यात, उंट परत रिकाम्या घरात. मग तिने सतरावा डाव काढला. त्यात रफूगारांकडे दोन हत्ती जास्त होते आणि पुढच्याच ओळीत 'हार पत्करली' असं लिहिलं होतं. नवव्या डावात तर कंपाउंडरच्या राजावर मात झाली होती, आणि त्यानंतरही तो बिनदिक्कत आणखी सहा चाली खेळून जिंकला होता.

ती खुर्चीला टेकून बसली. हा टेकण्याचा प्रकार रफूगारांना माहीत होता. खिडकीवरचा माणूस सरळ बोलेनासा झाला की ती असंच टेकायची.

"खरं सांगा. हे असंच खेळलात तुम्ही?"

"हे बघ," रफूगार म्हणाले, "हाताने चुकून दुसरी चाल पडते. मनात मात्र हीच असते. वहीत उतरवताना मी फक्त..."

"फक्त काय?"

"जिथे अगदीच भोक पडलेलं दिसतं, तिथे मनातली चाल घालतो. निळ्या शाईतली. त्याच्या चालींना मी हात लावलेला नाही हं!"

"म्हणजे रफू केलंत!" तिने कपाळावर हात मारला. "तेवीस डाव रफू केलेत! अहो, गिऱ्हाइकाच्या कोटाला करता ते ठीक, पण स्वतःच्या अकलेला? आणि फाडलेल्या चिठ्ठ्या गेल्या. आता तुम्ही कुठे हरलात हे देवालाही सांगता यायचं नाही."

मग तीच सावकाश म्हणाली, "एक माणूस सांगू शकेल. चाली दोघंही लिहिता ना तुम्ही?"

"मरेन," रफूगार म्हणाले, "पण त्याच्या दारात जाणार नाही."

ते दोन दिवस मेले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने त्यांचा जेवणाचा डबा भरला, पण दुकानाच्या किल्ल्या देईना. म्हणून ते गेले.

दवाखान्यात सात पेशंट होते. रफूगार आठवे बसले. खिडकीपाशी नंबर आला तेव्हा कंपाउंडरने सवयीने विचारलं, "ताप किती?"

"डाव हवे होते," रफूगार पुटपुटले. "आपले. तुमच्याकडच्या चिठ्ठ्या."

कंपाउंडरने वर पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याने खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत तेवीस चिठ्ठ्या, रबर लावून, तारखेप्रमाणे.

"मला वाटलं होतं, पाचव्या डावानंतरच याल," तो म्हणाला. "रफूशेठ, बराच वेळ लावलात."

रफूगारांनी चिठ्ठ्या चाळल्या. प्रत्येकीवर कुठल्या तरी एका चालीशेजारी पेन्सिलीने छोटासा गोल काढला होता.

"हे गोल कसले?"

"ते तुम्ही शोधा. सगळं मीच सांगितलं तर शनिवारी खेळू कोणाशी? पुढचा कोण आहे, या!"

त्यानंतरचे आठ दिवस टेबलावर जेवणाऐवजी रफूगारांची अब्रू मांडली जात होती. खऱ्या चिठ्ठ्यांतले ते डाव पाहताना त्यांना स्वतःचा असा काही संताप आला, की एकदा त्यांनी घोडा हातात घेऊन "अरे गाढवा!" अशी हाक मारली आणि बायकोने, आपल्याला नसेल ना, म्हणून वळून पाहिलं. पहिल्या दहा-पंधरा चाली बऱ्या असत. क्वचित चांगल्याही असत. मग एकाएकी, कोणीतरी खोलीतला दिवा घालवल्यासारखी, एखादी भयंकर चाल. आणि ती दरवेळी गोलाच्या शेजारीच.

"या गोलाच्या वेळी तुम्ही काय करत होता?" बायकोने विचारलं.

"काय करणार? खेळत होतो."

"आठवा. चौदावा डाव."

रफूगारांनी डोळे मिटले. "चौदावा... त्या दिवशी मी चांगला चाललो होतो. शेजारी हेडमास्तर अडकले होते, म्हणून जरा उठून बघून आलो."

"आणि सतरावा?"

"सतराव्यात तर मी जिंकतच आलो होतो! खाली जाऊन टायरवाल्याला सांगून आलो."

"नववा?"

रफूगार पटावरचा घोडा उगीचच सरळ करू लागले. नवव्यात ते पाणी प्यायला उठले होते आणि परत येऊन उभ्या उभ्या चाल केली होती. उभ्याने केलेली चाल लांबून फार रुबाबदार दिसते, अशी त्यांची समजूत होती.

"म्हणजे तुमचं बरं चाललं की तुम्ही उठता," बायको म्हणाली. "तुम्ही मिरवून येईपर्यंत तो सापळा लावतो. तुम्ही येता आणि न बसता पाय घालता त्यात. तेवीस वेळा! अहो, आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा एका तारेला दोनदा हात लावत नाही." मग जरा नरमून म्हणाली, "बसून राहा. बाकी काही करू नका. तेवढं एक जमतंय का बघा."

ऐकायला सोपं होतं. पण रफूगार स्वतःला ओळखून होते. डाव रंगात आला की त्यांचे पाय आपोआप निघत. म्हणून शनिवारी क्लबात सगळ्यांच्या आधी पोचून त्यांनी खिशातून सुई काढली आणि कोटाची मागची किनार खुर्चीच्या कापडी बैठकीला चार भक्कम टाके घालून शिवून टाकली. मग घड्याळ सुरू झालं.

बाराव्या चालीला त्यांनी एक प्यादं मूर्खासारखं घालवलं. या वेळी उठणं वगैरे काही कारण नव्हतं. ही चूक पूर्णपणे बसल्या जागेची होती. तरी ते खेळत राहिले आणि बावीस चालींनंतर डाव चांगलाच वळला. त्यांचा वजीर पुढे होता, कंपाउंडरचं कडेचं प्यादं उघडं पडलं होतं. शेजारी हेडमास्तर विव्हळत होते. रफूगारांच्या पायांना मुंग्या आल्या. ते निघाले, आणि खुर्ची त्यांच्याबरोबर निघाली.

खर्रकन आवाज झाला. कंपाउंडरने टेबलाखाली वाकून पाहिलं, टाके पाहिले, आणि वर आला तेव्हा त्याच्या हातातली पेन्सिल चिठ्ठीवर अर्धवट थांबली होती. गोल काढावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काय रफूशेठ, पाणी नाही प्यायचं?"

"तहान नाही," रफूगार म्हणाले. घसा कोरडा पडला होता.

उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पट पाहिला. ते उघडं प्यादं पाहिलं. तिथे वजीर गेला तर परत कोणत्या वाटेने येईल ते पाहिलं. एक वाट उंटाने अडवलेली, दुसरी घोड्याने, तिसरी त्यांच्याच प्याद्याने. हा चोविसावा गोल होता, फक्त अजून काढलेला नव्हता. रफूगारांनी वजीर जिथे होता तिथेच ठेवला आणि घोड्याने आपलं गेलेलं प्यादं वसूल केलं.

अडतिसाव्या चालीला कंपाउंडरने हात पुढे केला. "बरोबरी?"

रफूगारांच्या डोळ्यांसमोर टायरवाला उभा राहिला, न्हावी उभा राहिला, पत्ता विचारणारा गृहस्थही उभा राहिला. जिंकूनच दाखवतो म्हटलं होतं. आणि पुढचं प्यादं ढकललं तर जिंकण्यासारखं दिसतही होतं. अगदी हिरव्या वहीत शोभेल अशी चाल होती. त्यांनी ती मनात तीनदा खेळून पाहिली. तिन्ही वेळा पाचव्या चालीला कंपाउंडरचा हत्ती मागून आला.

"मंजूर," ते म्हणाले आणि हात मिळवायला ताडकन उभे राहिले. टाके विसरलेच होते. कोट वीतभर फाटला, खुर्ची हेडमास्तरांच्या पटावर कोसळली, आणि हेडमास्तरांनी हरत आलेला डाव रद्द झाल्याचं तत्काळ जाहीर केलं.

"सहावा पट तुमचा," ते सोंगट्या वेचत म्हणाले. "पण स्पर्धेला जाताना सुई घरी ठेवून या. खुर्च्या तिकडच्या लोकांच्या आहेत."

कंपाउंडर हसत होता. चांगला आवाज करून हसत होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसणं ऐकून रफूगारांना उगीचच चीड आली.

घरी आल्यावर त्यांनी कोट पंधरा मिनिटांत असा जोडला, की फाटला कुठे होता ते बायकोला बोटाने चाचपूनही सापडेना. मग त्यांनी हिरवी वही काढली. निळ्या शाईने आपल्या चाली उतरवल्या, लाल शाईने त्याच्या. बाराव्या चालीपाशी पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं. तिथे शाईचा ठिपका पडला.

बायकोने पट मांडला आणि वही वाचून चाली करू लागली. बारावी आली तशी तिने मान वर केली.

"अहो, ही चाल खरंच केलीत?"

"केली."

"फुकटचं प्यादं दिलंत?"

"दिलं."

"इतकी वाईट चाल! कशी सुचली तुम्हाला?"

"सुचली," रफूगार दातओठ खात म्हणाले. "आता पुढची वाच."