पावसाळ्याचे लाल चौकोन

कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हटलं तेव्हा करिश्मा माझ्या टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत होती. तिसऱ्यांदा म्हणजे मीच तीनदा बटण दाबलं होतं. सव्वीस वर्षं बँकेत काढली, तरी मशीनला पुन्हा पुन्हा विचारलं तर ते कधीतरी विरघळेल असं मला अजून वाटतं. आमच्या घरच्या मिक्सरवर हा उपाय चालतो.

“का म्हणते मॅडम?”

“तुझा स्कोअर कमी आहे म्हणते.”

“कायचा स्कोअर? मी तर परीक्षाच नाई देल्ली.”

मोहर्लीच्या वाटेवर आमची लहानशी शाखा आहे. तिथे कर्जाचं टेबल माझ्याकडे. करिश्मा चोवीस वर्षांची, ताडोब्यात गाईड. पर्यटकांना वाघ दाखवते, आणि वाघ दिसला नाही तर पक्षी, पगमार्क, मुंग्यांची वारुळं दाखवून त्यांचे पैसे वसूल करून देते. तिला सेकंडहँड जिप्सी घ्यायची होती. स्वतःची गाडी सफारीला लावायच्या गावच्या यादीत बऱ्याच वर्षांनी तिचा नंबर लागला होता. ऑक्टोबरात जंगलाचं गेट उघडायच्या आत गाडी उभी केली नाही, तर नंबर खालच्या नावाला जाणार. पुन्हा कधी वर येईल ते कोणी सांगत नव्हतं. आणि ऑगस्टचा तिसरा आठवडा चालू होता.

स्कोअर म्हणजे काय ते तिला सांगितलं, तसंच इथे सांगते. तुम्ही कुठूनही कर्ज घ्या, मोबाईलचं घ्या की घराचं, हप्ता कधी आला याची नोंद एका ठिकाणी जमा होते. त्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा निघतो. आकडा चांगला असेल तर बँक खुर्ची देते. कमी असेल तर मशीन फाईल पुढे जाऊच देत नाही.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने स्कूटी हप्त्यावर घेतली होती, दोन वर्षांचे हप्ते. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याला एक चौकोन असतो. वेळेवर भरलं की हिरवा. उशीर झाला की लाल, आणि आत उशिराचे दिवस लिहिलेले. करिश्माचे नऊ चौकोन हिरवे होते. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर लाल. पुन्हा नऊ हिरवे, पुन्हा तीन लाल. कोणीतरी बसून पावसाळा रंगवावा तसं ते दिसत होतं.

“पावसाळ्यात कोअर, म्हंजे आतलं जंगल, बंद राह्यते ना मॅडम,” ती म्हणाली. “बाहेरच्या बफरमदे कोण येते चिखल पाहाले? पण ऑक्टोबरात पह्यल्या कमाईत तिन्ही हप्ते भरले. दंडासकट. दोन्ही साल. स्कूटीच्या फायनान्सवाल्या मॅनेजरले पेढे बी नेऊन देल्ले.”

“पेढ्याची नोंद होत नाही गं.”

“किराणावाला थांबते, गॅरेजवाला थांबते. मी का बुडवले का कोणाचे?”

 तिचं काही खोटं नव्हतं. आमच्या भागात उधारी हंगामावर फिटते. दिवाळीत देतो म्हणालं आणि दिवाळीत दिलं, की माणूस सच्चा. तिने एक रुपया बुडवला नव्हता. पण स्कोअरला माणूस दिसत नाही, तारीख दिसते.

मुलीचा चेहरा उतरलेला बघून मी शहाणपणा करायला गेले. “चांगला रिपोर्ट कसा असतो ते दाखवते,” म्हणून माझ्या मोबाईलवर माझाच उघडला. वर हिरवं, मध्ये हिरवं, आणि खाली एका क्रेडिट कार्डापुढे ओळीने लाल. ते कार्ड मी चार वर्षांपूर्वी एका सेल्समनची दया येऊन घेतलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. त्याची पाचशे नव्वद रुपये फी थकली होती. पत्रं जुन्या पत्त्यावर जात असणार.

“मॅडम, तुमचं बी लाल आहे.”

“ते चुकून झालं.”

“माह्यं बी,” ती म्हणाली.

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि रिजनल ऑफिसला फोन लावला. तिथे कर्ज मंजूर करणारे साहेब बसतात. माणूस वाईट नाही, पण बोलतो तारेसारखं, शब्द मोजून.

“स्कोअर?”

“पाचशे नव्व्याण्णव.”

“मॅडम, सहाशेच्या खाली काय बोलायचं?”

“सर, एकच कमी आहे.”

“नापास मुलगाही हेच म्हणतो. कोणी को-ॲप्लिकंट आहे?”

को-ॲप्लिकंट म्हणजे सोबतीने कर्ज घेणारा. एकाचा रेकॉर्ड कच्चा असला तर दुसऱ्याचा बघतात. करिश्माला विचारलं, घरी कोण आहे?

“आईच. बाबा गेले मी दहावीत असताना. पण आईले का समजते बँकेतलं? रोजीनं जाते ती. आणि कर्जाचं तर नावच नको काढू म्हणते. आमच्या घरी एक पैशाचं कर्ज नाई मॅडम, आई लई कडक आहे.”

ज्याने कधी कर्जच घेतलं नाही, त्याचा स्कोअर नसतोच. कोरी पाटी. कोऱ्या पाटीचाही फार उपयोग होत नाही. तरी म्हटलं, उद्या घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आल्या. हिरवट लुगडं, हातात कापडी पिशवी. “जय भीम बाई,” म्हणाल्या आणि खुर्चीच्या काठावर बसल्या. मी ओळखलं त्यांना. निराधार योजनेचे पैसे काढायला दर महिन्याला आमच्याच शाखेत यायच्या. मी त्यांच्याशी इतक्या वर्षांत एकच वाक्य बोलले होते. लाईनीत या.

“मावशी, तुमच्या नावाने एकदा मशीनला विचारते. इथे सही लागेल.”

त्यांनी फॉर्मकडे बघितलं, मग मुलीकडे.

“हे पोट्टीसमोर नको, बाई.”

“काऊन?” करिश्मा म्हणाली. “माह्यासमोर काऊन नाई?”

“तू बाहेर बस जराशी.”

“नाई बसत.”

मला वाटलं, झालं. बाईने कुठेतरी काही बुडवलेलं आहे. सव्वीस वर्षांत कर्जाच्या टेबलावर बसून माणूस दुसरं काही शिको न शिको, संशय घ्यायला पक्कं शिकतो. वच्छलाबाई थोडा वेळ पिशवीचा बंद पिळत बसल्या. मग म्हणाल्या, “पाह्य बाप्पा. कधी ना कधी दिसणारच होतं.” आणि एकेक अक्षर जोडून सही केली.

रिपोर्ट उघडला. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

अकरा कर्जं. एकामागून एक, अकरा वर्षांत. सगळी महिलांच्या गटाची. या कर्जाला तारण लागत नाही. पाच-दहा बायका मिळून घेतात, दर आठवड्याला कोणाच्या तरी अंगणात मीटिंग होते, आणि एकीने हप्ता आणला नाही तर बाकीच्यांना भरावा लागतो. तो आणेपर्यंत कोणी उठत नाही. व्याज आमच्यापेक्षा जास्त, लाज त्याहून जास्त. वच्छलाबाईंच्या पानावर एकही चौकोन लाल नव्हता. स्कोअर सातशे एक्क्याऐंशी. आमच्या शाखेत माझ्यासकट कोणाचा तेवढा असेल असं मला वाटत नाही.

“मावशी, लपवायचं काय होतं यात?”

“कर्जच आहे ना बाई. अकरा खेपा.”

करिश्मा स्क्रीनवर वाकली होती. रिपोर्टमध्ये कर्ज कशासाठी घेतलं ते नसतं, फक्त रक्कम आणि महिना. ती महिने वाचत होती.

“हे डिसेंबरचं. बाबाले नागपूरले नेलं होतं तेव्हाचं का?”

“हाव.”

“हे जून... माह्यं अकरावीचं ॲडमिशन.” तिचं बोट खाली सरकलं. “हे घराच्या टिनाचं. आणि हे मार्चमदलं?”

वच्छलाबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“आई. मार्चमदलं कायचं?”

“तुह्या दुर्बिणीचं.”

“दुर्बीण तर मामानं देल्ली.”

“मामाजवळ कुठचे पैसे. त्याच्या हातानं द्याले लावली तुले.”

करिश्मा मागे टेकून बसली. तिच्या कामाची सगळी सुरुवात त्या दुर्बिणीवर झाली होती, हे तिनेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मामाचं कौतुकही केलं होतं.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगून का हप्ता कमी झाला असता?” वच्छलाबाई म्हणाल्या. “तू शाळा सोडून रोजीनं आली असती मांगं मांगं. मले माहीत नाई का तू.”

बँकेत रडायची सोय नसते. एकच पाण्याचा जार आहे आणि तो कॅशियरच्या शेजारी. करिश्मा उठून तिथे गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली. मी उगीच कीबोर्डची धूळ पुसली. वच्छलाबाई मला हळूच म्हणाल्या, “आता मले ओरडन घरी गेल्यावर.”

मग माझ्या डोक्यात उशिरा का होईना, कामाचा प्रश्न आला. “मावशी, पावसाळ्यात हप्ते कसे भरले? तेव्हा तर इकडे काम नसतं.”

“रोवणी राह्यते ना. मूल तालुक्यातल्या धानाच्या बांध्याइत. सकाळीच टेम्पो येते, पंधरा-वीस जणी जातो. जुलै, ऑगस्ट रोवणी, सप्टेंबरात निंदण, रोजी तुटत नाई. उन्हाळ्यातच बोंब राह्यते मग.”

मी कागद ओढला. मुलीची कमाई ऑक्टोबर ते जून. आईची खरी कमाई पावसाळ्यात. मुलीचे जे तीन महिने लाल, तेच आईचे भरीचे. एकाच चुलीवर जेवणाऱ्या या दोघी, पण मुलीने स्वतःची पावसाळ्यातली अडचण आईपासून लपवली होती आणि आईने स्वतःची अकरा कर्जं मुलीपासून. दोघींनी एकमेकींना एकदा विचारलं असतं, तर स्कूटीच्या पानावर एक लाल चौकोन नसता.

साहेबांना फोन लावला.

“सर, आई मुख्य अर्जदार, मुलगी सोबत. आईचा सातशे एक्क्याऐंशी.”

“आई काय करतात?”

“धानाची रोवणी.”

“इन्कम प्रूफ?”

“अकरा वर्षांचे आठवड्याचे हप्ते, एक चुकलेला नाही. यापेक्षा मोठं प्रूफ माझं स्वतःचंही नाही सर.”

“आणि पुढच्या पावसाळ्यात?”

“म्हणून हप्ते सारखे नकोत. नऊ महिने मोठे, पावसाळ्याचे तीन महिने लहान. रोवणीच्या रोजीत बसतील एवढे.”

“असा हप्ता गाडीला कोणी देत नाही.”

“पिकाला देतो ना आपण हंगाम बघून. यांचं पीक वाघ आहे.”

 “नोट लिहून पाठवा,” ते म्हणाले. “खाली सही तुमची. बुडालं तर मी तुमचंच नाव सांगीन.”

“सांगा,” म्हटलं.  रिटायरमेंटला सहा वर्षं उरली होती आणि आमच्या घरात शौर्य गाजवायची पद्धत नाही. नोट मी चार वेळा लिहिली. पहिलीत भावना फार होत्या. चौथीत फक्त बारा महिन्यांचा तक्ता ठेवला, आईची कमाई एका रांगेत, मुलीची दुसऱ्या रांगेत. मागितले होते त्याच्या तीन-चतुर्थांश पैसे मंजूर झाले. उरलेल्यासाठी करिश्माने स्कूटी विकली. गेट उघडायच्या चार दिवस आधी जिप्सी गावात आली.

कर्ज दोघींच्या नावावर होतं. म्हणजे वेळेवर गेलेला प्रत्येक हप्ता करिश्माच्याही पानावर हिरवा चढत होता. मी तिला सांगितलं, जुने लाल चौकोन पुसता येत नाहीत, त्यांच्यावर हिरवे रचत जायचं. दुसरा उपाय मलाही माहीत नाही. माझे पाचशे नव्वद मी तोवर भरून टाकले होते, पण ते सांगायची गरज वाटली नाही.

पुढच्या वर्षी जुलै आला. हप्त्याची तारीख पाच. मी एक तारखेपासून खातं उघडून बघत होते, दहावीच्या पोराची आई निकाल बघते तसं. तीन तारखेला पैसे जमा झाले. ऑगस्टमध्येही तीन तारखेला. सप्टेंबरमध्ये मायलेकी स्वतःच आल्या, पैसे भरायला. करिश्माच्या पायाच्या बोटांना पट्ट्या होत्या. चिखलात उभं राहून रोवणाऱ्यांना होतात तशा चिखल्या.

“तू पण गेलीस रोवणीला?”

“गाडी उभीच होती ना मॅडम. म्हणलं दोन रोज्या येतीन.”

“तिले दोनशे हातावरचा वाघ दिसते,” वच्छलाबाई म्हणाल्या, “पण समोर बांधलेली ओळीची दोरी नाई दिसत. पुऱ्या ओळी वाकड्या. मालक म्हणे, हे कोण रोवून राह्यलं, साप गेला का इथून?”

“आई, चार लोकात नको सांगू.”

“चार लोकात नाई, बँकेत सांगून राह्यली.”

पावती घेऊन दोघी उठल्या. मी करिश्माचा रिपोर्ट काढला. सहाशे अठ्ठ्याहत्तर. तो पावसाळा हिरवा होता, तीनही महिने.

आता तरुण पोरं-पोरी पहिल्या कर्जाला येतात तेव्हा मी त्यांना फार भाषण देत नाही. पहिलं कर्ज लहान घ्या. कोणत्या महिन्यात हातात पैसा नसतो ते सही करायच्या आधी सांगा, नंतर पेढे घेऊन येऊ नका. हप्ता चुकणार असं वाटलं तर चुकायच्या आधी या. आणि आधी घरी विचारा, आपल्यात कोणाचा स्कोअर सगळ्यात चांगला आहे. माझा अनुभव असा, की घरात ज्या माणसाला पैशातलं काही समजत नाही असं सगळे म्हणतात, त्याचाच असतो.