वस्तरा गळ्यापाशी आला की

सन २०१८. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि उजवा हात दगा देत होता. सगळीकडे नाही. कात्री चालायची, कंगवा चालायचा, चहाचा कप सरळ तोंडाशी जायचा. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी आला की मात्र थरथर सुरू. मी धायरीतला न्हावी. शिक्षण चौथी. धायरी खेडं होतं तेव्हापासून दुकान माझं, आणि माझ्या हातून कुणाच्या गळ्याला ओरखडासुद्धा आलेला नाही.

नसांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, नसा उत्तम आहेत, आणि एका मनाच्या डॉक्टरीणबाईंच्या नावाची चिठ्ठी दिली. माझा मुलगा शेजारच्या खुर्चीवर काम करतो. तो म्हणाला, "आबा, एक तर तिकडे जा, नाहीतर वस्तरा खाली ठेवा."

"जातो. पण खुर्ची सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

बाईंची खोली स्वारगेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर. दर सोमवारी, म्हणजे आमचं दुकान बंद असतं त्या दिवशी, अकरा ते बाराला दहा कमी. दिवस तोच, वेळ तीच. खोलीत एक दिवाण, आणि बाईंची खुर्ची दिवाणाच्या उशामागे.

"आडवं व्हा, काका."

"जन्मभर मी लोकांना आडवं केलंय. आता मला कोण करतंय?"

"मग बसून बोला," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी आग्रह केला असता तर मी बसूनच राहिलो असतो. केला नाही, म्हणून झोपलो.

"तुम्ही मागे का बसता? मला दिसत नाही तुम्ही."

"म्हणूनच. माझा चेहरा बघून तुम्ही बोलणं बदलू नये. मनात येईल ते बोला. फालतू वाटलं, लाज वाटली, माझ्याबद्दल वाईटसाईट आलं, तरी गाळू नका."

मला हसू आलं. हे तर आमचंच काम! तोंडाला फेस लावला, डोळे मिटले, की माणूस बायकोला न सांगितलेलं न्हाव्याला सांगतो. आपण फक्त 'हं' म्हणायचं. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं."

चार सोमवार मी केसांवर बोललो. राठ केस, कुरळे केस, कोंडा. मग गिऱ्हाइकांवर आलो, पण त्यांची गुपितं मी फोडणार नाही, असं ठणकावून सांगितलं.

"त्यांची नकोतच," बाई म्हणाल्या. "पण या सगळ्या गर्दीत तुम्ही कुठे आहात?"

राग आला. पुढच्या सोमवारी मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. जन्मभर सातच्या ठोक्याला दुकान उघडणारा माणूस मी! बसवर ढकललं. बाई म्हणाल्या, बस असेलही, पण इथं येऊ नये असंही कदाचित वाटलं असेल; मन असं अडून बसतं, आणि ते कुठे अडतं तिथंच बघायचं असतं. मी तोंड मिटून पडलो. त्याही गप्प. गप्प बसण्यात मला हरवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मग बाराला दहा कमी असताना आवाज आला, "आज इथंच थांबू."

मी ताडकन उठून बसलो. "मी कधी थांबायचं ते मी ठरवणार! दुकान माझं आहे! मी उठणार नाही!"

माझंच मला ऐकू आलं. खोलीत दुकान कुठून आलं?

"हे तुम्हाला कुणाला सांगायचं होतं?" बाईंनी विचारलं. आणि वेळ संपली ती संपलीच. मी जिन्यावरून शिव्या घालत उतरलो.

आठवडाभर चरफडलो. पुढच्या सोमवारी दहा मिनिटं आधी हजर. न सांगता आडवा झालो आणि छताकडे बघत बोललो.

थरथर थंडीनं सुरू झाली असं मी नसांच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. खोटं. मुलगा माझ्यापुढे दाढीला बसला होता. तोंडाला फेस, मान मागे, डोळे मिटलेले. तसाच म्हणाला, "आबा, आता पुरे झालं तुमचं. घरी बसा. दुकान मी बघतो." वस्तरा त्याच्या गळ्याच्या घाटीवर होता. आणि माझ्या मनात आलं, ओढावा आडवा. माझ्या पोटच्या पोराला! त्याच क्षणी हात थरथरला.

एवढं बोललो. वाटलं, बाई पोलिसांना बोलावतील. त्या म्हणाल्या, "मनात येणं वेगळं, करणं वेगळं. तुमचा हात कदाचित मुलाला वाचवत असेल. तुमच्या रागापासून."

"माझा हात तसला नाही!"

"मी तेच म्हणतेय."

शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहिलेला मला खपत नाही. म्हणालो, "हे सगळं माझ्या तोंडून निघालं. तुम्ही नुसत्या बसून होतात."

"हो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दुकान उघडलं. मुलगा आला. मी म्हणालो, "बस. दाढी करतो."

"हात?"

"आधी ऐक." आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"मग कापायचा होता की गळा, आबा."

"नवी ब्लेड होती. वाया गेली असती."

तो हसला, पण अर्धवटच. "मी तसं बोलायला नको होतं."

"बोललास ते बोललास. घरी मी बसणार नाही. मी कधी थांबायचं ते मी सांगेन, तू नाही."

तो पुढे आला. माझ्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मी फेस केला, वस्तऱ्यात ब्लेड अडकवली. जबड्याखाली हात हलला. मी थांबलो, श्वास सोडला, आणि पुन्हा टेकवला. हललाच थोडा. तरी त्याची सगळी दाढी मीच केली.