विलायतेहून आलेलं मडगार्ड

“जाधव, इथे सही करा. खाली गॅरेजचा शिक्का.”

कर्णिकसाहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी कामावरून तसाच उठून आलो होतो, हाताला ग्रीस होतं. डाग पडू नये म्हणून हात मागे धरूनच वाचलं. इंग्रजी मला कामापुरतं येतं. लिहिलं होतं, की सदर गाडीच्या बॉडीचे डाव्या बाजूचे भाग भारतात तयार होत नाहीत व होऊ शकत नाहीत, असं मी तज्ज्ञ या नात्याने प्रमाणित करतो.

“साहेब, होतात की. मी करतो.”

“तुम्ही कराल हो. पण ते ओरिजिनल नव्हे.”

कर्णिकसाहेब महाडातल्या एका धर्मादाय दवाखान्याचे सेक्रेटरी होते. दवाखान्याला इंग्लंडमधल्या एका संस्थेने गाडी भेट दिली होती. चारही चाकांना जोर असलेली, जुन्या बनावटीची, डोंगर चढणारी. कांबळे सिस्टर औषधांच्या पेट्या घेऊन त्या गाडीतून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर जायच्या. अकरा वाड्या होत्या. पावसाळ्यात रस्ते बंद, म्हणजे दिवाळी ते मे एवढेच दिवस हातात.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. घाटातल्या वळणावर चिऱ्यांनी भरलेला ट्रक रिव्हर्स येताना गाडीला घासला. डावं मडगार्ड चेपलं, डावं दार पार दुमडलं. सिस्टर मागे बसल्या होत्या म्हणून वाचल्या. इंजिन, चॅसिस, ब्रेक यांना काही झालं नव्हतं. ड्रायव्हर गाडी चालवत माझ्या गॅरेजात घेऊन आला.

मी डेंटर. म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा. भायखळ्याला नऊ वर्षं शिकलो, मग महाडला हायवेवर स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या गाडीचं अंग ॲल्युमिनियमचं होतं. लोखंडी पत्रा तापवला की लाल होतो, कुठे थांबायचं ते कळतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. बघता बघता वितळून खाली पडतं. त्यामुळे बरेच डेंटर त्याला हात लावत नाहीत. मी लावायचो. पत्र्यावर साबण चोळायचा आणि लांबून आच द्यायची. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला. मग लाकडी हातोडीने हवा तसा वळतो. आठ दिवसांचं काम.

पण चेपलेल्या दारावर त्या इंग्लंडच्या संस्थेचं नाव रंगवलेलं होतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तिचे लोक भेटीला येणार होते. कर्णिकसाहेबांनी त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, की पार्ट आम्ही पाठवतो.

त्या काळी परदेशातून साधा नट आणायचा तरी इम्पोर्ट लायसन्स लागायचं, वस्तू फुकट येत असली तरी. आणि त्यासाठी आधी दाखला हवा, की ही वस्तू आपल्या देशात बनत नाही.

“दोन महिन्यांचा प्रश्न आहे,” कर्णिकसाहेब म्हणाले. “आणि महाडमध्ये तुमच्याएवढा तज्ज्ञ दुसरा कोण आहे?”

मला आजवर कोणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. मिस्त्री म्हणायचे. हात पुसले आणि सही केली.

माघ उजाडला तरी लायसन्स नव्हतं. मुंबईच्या ऑफिसातून कागद दोनदा परत आले. एकदा प्रती कमी पडल्या म्हणून. दुसऱ्यांदा, मोडलेल्या गाडीचे फोटो जोडा आणि इन्स्पेक्शनसाठी गाडी आहे त्या स्थितीत ठेवा म्हणून. कर्णिकसाहेबांनी मला बजावलं, “एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. तुमचा दाखला खोटा ठरेल.”

एका सकाळी कांबळे सिस्टर आल्या. खांद्याला औषधांची पिशवी. महाडजवळच्याच एका बौद्धवाडीतल्या, बोलायला सरळ.

“मिस्त्री, इंजिन चालतंय?”

“चालतंय.”

“ब्रेक?”

“उत्तम.”

“मग मडगार्ड काढून टाका. दार दोरीने बांधा. मी उजवीकडून चढेन.”

“इन्स्पेक्शन यायचंय, सिस्टर. मला हात लावता येत नाही.”

“तुम्ही लिहून दिलंत म्हणे, की हे इथे होत नाही.”

“हो.”

“खरंच होत नाही?”

मी गाडीकडे बघत म्हणालो, “होतं.”

सिस्टर एस.टी.ने पोलादपूरला गेल्या आणि तिथून पायी चढल्या. त्या हंगामात त्यांनी अकरापैकी चार वाड्या केल्या. पन्नाशीची बाई, गुडघे धरलेले. ते इन्स्पेक्शन शेवटपर्यंत झालंच नाही, लायसन्स पुढे त्याच्याशिवायच मिळालं.

उरलेल्या सातांतल्या एका वाडीवर धाकू ढेबे राहायचा. म्हशी पाळणारा माणूस. त्याला टीबी होता. तेव्हा टीबीला आधी इंजेक्शनं आणि मग दीड वर्ष गोळ्या असायच्या. दोन महिन्यांत माणसाला बरं वाटतं, पण गोळ्या मध्येच तुटल्या तर रोग उलटतो आणि मग त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. हे सिस्टरनी मला नंतर सांगितलं. नंतर म्हणजे सगळं झाल्यावर.

चैत्रात धाकू स्वतः खाली उतरून महाडला आला. रविवार होता, दवाखाना बंद. हायवेवरून परत जाताना त्याला माझ्या गॅरेजात गाडी दिसली. ओळखीचं माणूस दिसावं तसा तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

“मिस्त्री, कवा बरी व्हनार ही?”

“पार्ट यायचेत. विलायतेहून.”

“लांबून यायचे हायत तं वेळ लागनार.” तो खोकत खोकत टायरला टेकून बसला. “माज्या गोल्या सरल्या. सिस्टर येतील ना वर?”

“येतील, येतील.”

मी एका टेम्पोखाली आडवा होतो, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. सिस्टरचं घर माझ्या गॅरेजपासून दहा मिनिटांवर. कोणाबरोबर त्याला तिथे पाठवलं असतं तर रविवार असो की काही असो, सिस्टरनी गोळ्या दिल्या असत्या. मला ते सुचलं नाही. टेम्पोखालून बाहेर आलो तेव्हा धाकू गेला होता.

श्रावणात तो वारला. आम्हाला गणपतीनंतर कळलं.

दिवाळीनंतर पार्ट आले. मुंबईच्या गोदीतून सुटून लाकडी खोका ट्रकने महाडला आला. कर्णिकसाहेब नारळ घेऊन आले होते. मी पहारीने फळ्या काढल्या. दार बरोबर होतं. मडगार्ड बाहेर काढलं आणि मला हसू यायला लागलं. त्याला पुढे दिव्यासाठी मोठं गोल भोक होतं. आमच्या गाडीचे दिवे मधल्या जाळीपाशी. मडगार्डात दिवे असतात ते पुढच्या मॉडेलला.

“साहेब, चॅसिस नंबर कळवला होता का? मी लिहून दिला होता.”

“नंबर कशाला? वर्ष कळवलं होतं.”

“कुठलं वर्ष?”

“आपल्याला गाडी मिळाली ते.”

गाडी आम्हाला मिळाली तेव्हाच ती बरीच वर्षं वापरलेली होती. ते पत्रात लिहायचं म्हणजे भेटीचा अपमान, असं त्यांना वाटलं असावं.

नारळ तसाच राहिला. कर्णिकसाहेब घाम पुसत म्हणाले, “जाधव, पाहुणे पुढच्या गुरुवारी येतायत. काहीतरी करा.”

“इथे होत नाही ते, साहेब.”

“चेष्टा नको.”

जुनं मडगार्ड माप म्हणून पुढे ठेवलं. मुंबईहून ॲल्युमिनियमचा पत्रा मागवला, साबण चोळला आणि पाच दिवसांत नवं मडगार्ड केलं. रंग मारला. जे काम मी मागच्या कार्तिकात करू शकलो असतो, ते या कार्तिकात केलं.

गुरुवारी पाहुणे आले. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ गाडीच्या कामातले असावेत. माझ्या मडगार्डावरून त्यांनी सावकाश हात फिरवला, कड बोटाने तपासली आणि कर्णिकसाहेबांना काही बोलले. साहेबांनी मला मराठीत सांगितलं, “म्हणतायत, असं सफाईदार काम फक्त त्यांच्याकडेच होतं.”

मला इंग्रजी कामापुरतं येतं. ते तसंच बोलले होते. हे इथेच केलंय असं सांगायची सोय नव्हती. माझी सही फाइलमध्ये होती. सगळ्यांचा गाडीसोबत फोटो निघाला. सिस्टर फोटोत उभ्या राहिल्या नाहीत.

गाडीच्या पहिल्या फेरीला मी मुद्दाम बरोबर गेलो. धाकूच्या वाडीवर त्याची बायको भागी गोठ्यातून बाहेर आली. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने सगळं नीट पाहिलं.

“लय मोडली व्हती का हो?” तिने विचारलं.

ड्रायव्हर काहीतरी सांगणार होता. मीच बोललो. “नाही. पत्रा चेपला होता. चालत होती.”

“चालत व्हती?”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या देईल असं वाटलं. पण सिस्टरनी पेटी उघडली होती, आणि भागीला स्वतःलाच महिनाभर खोकला होता. ती वळली आणि त्यांच्यापुढे जाऊन बसली.

सिस्टरनी तिची थुंकी तपासायला घेतली. टीबीच निघाला. भागीच्या दीड वर्षाच्या गोळ्या मात्र पुऱ्या झाल्या. त्या काळात गाडीचे दिवे फुटले, स्प्रिंगचे पाटे तुटले, गिअरबॉक्स एकदा उतरवला. कर्णिकसाहेबांना न विचारता मी सगळं इथेच केलं.

पुढे एका कंपनीच्या साहेबांनी तसाच दाखला मागितला. मी म्हणालो, मी डेंटर आहे, तज्ज्ञ दुसरा बघा. जे आपल्या हाताला येतं ते येत नाही असं लिहून द्यायला शाई फार लागत नाही. त्याचं नुकसान कोणाचं होतं, ते सही करणाऱ्याला त्या दिवशी दिसत नाही, एवढंच.