लिंबू-मिरची बांधलेली बॅटरी

आमच्या वस्तीवर एखादी वस्तू बिघडली की दुरुस्तीच्या आधी तिच्यावर बैठक बसते. बोटीची बॅटरी उतरायला लागली तेव्हाही बसली. सकाळी किल्ली फिरवावी तर इंजिन नुसतं ‘टिक’ करायचं. परत फिरवली, परत टिक. काठावर बोटीनं जाणाऱ्या बायकांच्या आणि दुधाच्या कॅनच्या आधी सल्ला देणारे हजर.

भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, तिथं माझं सासर. पलीकडं दौंड, तिथं राहूच्या अंगाला माझं माहेर. बंधाऱ्याला ढापे टाकून पाणी अडवलं की नदी तुडुंब भरते, आणि समोर दिसणारं माहेर पुलाला वळसा घालून गाठावं लागतं. त्या वाटेला दोन्हीकडं ऊस, उसात बिबट्या, म्हणजे दिवस मावळायच्या आत परत. बोटीनं मात्र चूळ भरून होईस्तोवर पलीकडं. आई गुडघ्यानं अधू झाल्यापासून ओट्यावरच बसून असते. इंजिनाचा आवाज आला की चहा ठेवते, आणि मी काठावरून घरात शिरेपर्यंत त्याला उकळी फुटलेली असते.

बोट थोरल्या दिरांची, म्हणजे दादांची. मासेमारीचा ठेका घेतला तेव्हा त्यांनी ती आणली, मागं टांगायच्या इंजिनासकट. ठेका बुडाला, बोट काठाला पडून राहिली, तेव्हा मी ती ताब्यात घेतली. कांदा लावायला जाणाऱ्या बायका, फुलांचे क्रेट, दुधाचे कॅन, सगळं इकडून तिकडं नेते. पण बोट दादांची ती दादांचीच, आणि दादा म्हणाले, “रोज रोज कोण दोरी ओढणार? उजनीकडचं गिऱ्हाईक हाय, रविवारी येतंय. काढून टाकतो.”

बोट गेली म्हणजे माहेर गेलंच की. ‘तुझी बोट, तुझी बोट’ म्हणणारे सगळे त्या दिवशी आपापल्या कामाला निघून गेले.

दोरीचं खोटं नव्हतं. किल्लीनं चालू होईना म्हणून इंजिनाचं झाकण काढायचं, चाकाला दोरी गुंडाळायची आणि ओढायचं. माझ्याच्यानं एकटीनं व्हायचं नाही, मग दोन बायका मागून माझी कंबर धरायच्या. त्यातली एक म्हणाली, “आगं, जत्रंत बगाड ओढताना एवढा जोर लावला न्हाई मी!” बाकीच्या हसून हसून लोळायच्या आणि बोट जलपर्णीत जाऊन अडकायची.

मी लग्नाआधी रांजणगावच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाईनवर होते. मीटर धरता येतो. म्हटलं, रविवारच्या आत दोष शोधायचा आणि दादांच्या तोंडाला कुलूप घालायचं.

पहिल्यांदा टर्मिनल पाहिले. त्यांवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला. सोड्याच्या गरम पाण्यानं धुतले, घासले, आवळले, वर व्हॅसलीन चोपडलं. सकाळी टिक. मग इंजिन चालू असताना मीटर लावला. इथं दादांनी घाई केली. इंजिन मंद चालू असतानाच मीटर पाहून ओरडले, “बारा व्होल्ट! म्हंजी बॅटरी भरतच न्हाई! चार्जिंगची कॉईल गेली!” मी म्हटलं, दादा, जरा दमानं. मंद चालीवर ते भरत नाही, रेस वाढवावी लागते. वाढवली तर काटा चौदावर, पण तो बघायला दादा थांबलेच नाहीत. इंजिन बॅटरी व्यवस्थित भरत होतं. मग सगळं बंद करून कुठं करंट गळतोय का ते बघितलं. काही नाही. बॅटरीवरच शंका आली म्हणून दौंडला दुकानात नेली, त्यांनी लोड लावून पाहिला आणि म्हणाले, ताई, बॅटरी ठणठणीत आहे.

इंजिन चांगलं, बॅटरी चांगली, गळती नाही. आणि सकाळी टिक. माझं डोकं फिरायची पाळी आली!

सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागलीय. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि बॅटरीच्या मुठीला लिंबू-मिरची बांधली. रोज वायरी तपासताना ती मिरची माझ्या हाताला लागायची आणि मग मी चुकून डोळा चोळायचे. दादांचं ‘कॉईल’ चालूच. आबा मात्र म्हणाले, “सूनबाई, तिला थंडी बाधत आसंल. मी रातच्याला पोतं गुंडाळतो.”

आबा माझे चुलत सासरे. एकटे जीव, शेडमध्ये राहतात, मका राखतात. आमच्या नदीकाठी मोटारीच्या केबली चोरीला जातात, स्टार्टर जातात, एकदा तर चालू मोटारीचा पाईप कापून नेला. म्हणून संध्याकाळी काठावर काही ठेवायचं नाही, ही सगळ्यांची रीतच आहे. आमच्या बोटीची बॅटरी आबा रोज मोटारसायकलवरून घेऊन जायचे आणि उजाडताना आणून लावायचे. किती जपून! लेकराला अंघोळ घातल्यासारखी पुसून आणायचे. मला त्यांचं फार कौतुक. सकाळी टिक झालं की सगळ्यांत मोठ्यानं शिव्याही तेच घालायचे इंजिनाला. “ह्येच्या मायला ह्येच्या, खातंय किती आन् चालतंय किती!”

शनिवारी संध्याकाळी म्हशीला हिरवा मका कापायला गेले. बांधावरच्या तारेला कोपर लागलं आणि असा झटका बसला की विळा एकीकडं आणि मी एकीकडं. आई गं! आधी वाटलं साप. मग डोक्यात उजेड पडला. ही डुकरांसाठीची झटका तार. पण झटका मशीन तर बंद होतं ना? त्याची बॅटरी मेली म्हणून आबा महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

तार धरून, म्हणजे लांबून नजरेनं धरून, मी शेडपर्यंत गेले. आत मशीन टक-टक करत होतं. बाजूला एक फोकस. खाटेच्या उशाशी एक छोटा पंखा, मच्छरांसाठी. आणि खाटेखाली पोतं गुंडाळून माझी बॅटरी, मुठीला सासूबाईंची लिंबू-मिरची. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी नदीतलं इंजिन पिसत बसले होते आणि चोर इथं खाटेवर पडून पंख्याचा वारा खात होता.

“आबा!”

ते दचकले नाहीत. उलट मलाच म्हणाले, “तार लागली का? मग चांगली चालतीय म्हणायची.”

“माझी बॅटरी तुम्ही उतरवताय व्हय?”

“तूच म्हणलीस ना, इंजिन बॅटरी भरतंय? भरतंय तर वापरायची न्हाई व्हय? डुकरांनी निम्मा मका लोळवला आसता.”

मला इतका राग आला की मशीनची वायर उपटावीशी वाटली. “उद्या गिऱ्हाईक येतंय, आबा. बोट चालली. तुमच्या पंख्यापायी माझं माहेर तुटतंय.” आबांनी पहिल्यांदा पंखा बंद केला. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाले, “आता थोरल्याला सांगशील तर काय व्हईल?”

मी विचार केला. इंजिन निर्दोष आहे हे दादांना कळलं, तर उद्या चांगला भाव मिळेल आणि बोट आनंदानं जाईल. आठवडाभर मी जो दोष शोधत होते तो सापडला तर माझंच नुकसान.

आबा म्हणाले, “मग पंखा लावू का परत?”

मी म्हटलं, “फोकसपण लावा.”

रविवारी सकाळी आबांनी बॅटरी आणली ती तर मिरवणुकीसारखी. गिऱ्हाईक जाणकार होतं, स्वतःचा मीटर घेऊन आलेलं. किल्ली फिरवली. टिक. ऐकून मला पहिल्यांदाच गोड वाटलं. त्यानं दोरीनं इंजिन चालू केलं, काठाशीच, कारण पुढं जलपर्णी दाटलेली. इंजिन मंद फटफटत होतं. त्यानं मीटर लावला, मान हलवली. “बारा. भरत न्हाई. कॉईल गेलीय.”

“व्हय,” आबा गंभीरपणे म्हणाले, “कॉईलच.”

दादा माझ्याकडं वळले. “तू तर म्हणलीवतीस चौदा दाखवतंय?”

‘रेस वाढवा’ एवढं म्हटलं असतं की सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, “दादा, बॅटरी रोज सकाळी उतरलेली असती, हे तर तुम्ही डोळ्यांनी बघताय.” यातला एक शब्दसुद्धा खोटा नव्हता!

गिऱ्हाईकानं मग भंगाराच्या भावाची भाषा काढली. तिथंच तो फसला. आमच्या दादांना नुकसान चालतं, अपमान चालत नाही. “भंगार? नदीत बुडवीन, पर तुला देणार न्हाई! चल, हो चालता!” तो गेला, तरी दादांचा राग उतरेना, म्हणून उरलेला माझ्यावर काढला. “ठेव तुझ्याकडंच ही ब्याद. काय करायचं ते कर. परत माझ्याकडं कॉईल मागायला येऊ नको.”

“न्हाई येणार,” मी म्हटलं. आबा दुसरीकडं तोंड करून खोकत होते, बराच वेळ.

दुपारी एकटीच निघाले. आबांनीच दोरी ओढून दिली. जलपर्णीतून बाहेर आल्यावर रेस वाढवली, मीटर लावला. चौदा. मी नदीच्या मधोमध एकटीच हसले.

आई ओट्यावर नव्हती. ती काठापर्यंत आली होती, त्या गुडघ्यांनी, भिंतीला आणि बाभळीला धरत धरत. मला बघून म्हणाली, “चहा न्हाई ठेवला गं. आवाज तुझ्याच इंजिनाचा वाटला, पर तूच म्हणलीवतीस आज बोट इकणार, म्हणलं आता दुसऱ्याची झाली आसंल. म्हणून नुसतं बघाया आले, कोण चालवतंय.” मला रडू आलं. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले, आणि मग चहा मी ठेवला.

चहा उकळत होता तेवढ्यात आबांचा फोन. “सूनबाई, लवकर निघ. डुकरं यायच्या आत बॅटरी पायजे.”

“देते,” मी म्हटलं. “पण पंखा बंद!”

“आन् फोकस?”

“फोकसपण बंद!”

आईनं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कॉईल.